लक्ष्मीच्या नावावरचं कर्ज

(स्क्रीनवर: डोंगरउतारावरची भातशेती, पावसाचा आवाज)

नेपाळच्या डोंगरातलं एक छोटं गाव. तेरा वर्षांची लक्ष्मी, वर्गात हुशार, घरी आई, तान्हा भाऊ, एक बकरी आणि सावत्र बाप. बापाचा एक हात निकामी आहे आणि दुसऱ्यात कायम पत्ते. गावातल्या एका घरावर नवीन पत्रे आलेत, कारण त्यांची पोरगी म्हणे शहरात मोलकरीण आहे. लक्ष्मीला पण तेवढंच पाहिजे, आईच्या डोक्यावर गळकं गवत आहे तिथे पत्रा यावा, बस.

ही 'सोल्ड' नावाची कादंबरी. पॅट्रिशिया मॅककॉर्मिक ह्या अमेरिकन लेखिकेने टीनएजर मुलांसाठी लिहिली, २००६ साली आली. लिहायच्या आधी ती नेपाळला गेली, कोलकात्याच्या रेड लाइट एरियात गेली, ह्या धंद्यातून सुटलेल्या बायकांशी बोलली. प्रकरणं एकदम छोटी, काही तर चार-सहा ओळींची, आणि सगळं लक्ष्मीच्याच तोंडून येतं, त्यामुळे तिला जे कळत नाही ते आपल्याला तिच्या आधी कळतं आणि पान उलटायला हात धजत नाही.

ह्या पुस्तकावर बोलताना लोक बहुतेक अत्याचाराबद्दल बोलतात. तो आहेच, आणि वाचवत नाही. पण मला विचाराल तर हे पुस्तक उधारीबद्दल आहे. म्हणजे बघा, पावसाने पीक वाहून जातं, मग दुकानात उधारी, मग बाप पत्त्यांत हरतो, मग शहरातून एक छान कपड्यांतली बाई येते जिला सगळे आंटी म्हणतात, आणि बाप दुकानात उभा राहून पोरीचा भाव करतो, म्हैस विकावी तसा. लक्ष्मीला वाटतं आपण कामाला चाललो, आईला पण तसंच वाटतं.

(स्क्रीनवर: भारत-नेपाळ बॉर्डर, सायकली, बैलगाड्या, पायी जाणारी माणसं)

बॉर्डरवर तिला सांगितलं जातं की सोबतच्या माणसाला काका म्हणायचं, पण कोणी विचारलं तर नवरा सांगायचं. इथे जरा थांबूया, कारण ही बॉर्डर कशी चालते ते कळल्याशिवाय गोष्ट कळत नाही. भारत-नेपाळ सीमा साधारण १,७५० किलोमीटरची आणि खुली. १९५० च्या करारापासून दोन्हीकडच्या लोकांना पासपोर्ट-व्हिसा लागत नाही, त्यामुळे लाखो लोकांचं पोट चालतं, लग्नं होतात, बाजार होतो. त्याच गर्दीत नवरा-बायको म्हणून एक माणूस आणि एक पोरगी निघून गेली तर कोण अडवणार? म्हणून 'माइती नेपाल' ही १९९३ मध्ये अनुराधा कोइराला यांनी सुरू केलेली संस्था नाक्यांवर स्वतःची माणसं उभी करते, आणि त्यात ह्याच धंद्यातून सुटलेल्या बायका पण असतात. बावरलेली पोरगी आणि तिच्या वतीने उत्तरं देणारा माणूस, ही जोडी त्यांना लांबूनच ओळखू येते.

लक्ष्मीला असं कोणी भेटत नाही. ती कोलकात्याला मुमताझच्या कोठ्यावर पोचते. खोलीला कुलूप, उपासमार, मार, शेवटी लस्सीत औषध.

आणि मग वही येते. मुमताझने हिला विकत घेतलं, म्हणजे ती रक्कम हिच्या डोक्यावर कर्ज. फेडलं की मोकळी. आता पोरगी हिशोबात पक्की आहे ना, ती मनातल्या मनात मांडते की एका गिऱ्हाइकाचे तीस रुपये, आणि तिच्या लक्षात येतं की गावच्या दुकानात कोकाकोलाची बाटली तेवढ्यालाच मिळते. तरी ती बेरीज करत राहते, आशा धरून. मग दुसरी मुलगी समजावते की बाई गं, जेवण वजा, कपडे वजा, औषध वजा, वर व्याज. वही मुमताझकडे, पेन मुमताझकडे.

हे काही लेखिकेच्या डोक्यातून निघालेलं नाही. असंच कर्ज दाखवून वीटभट्टीवर आणि शेतावर माणसं पिढ्यानपिढ्या राबवली गेली, त्याच्याविरुद्ध आपल्याकडे १९७६ मध्ये वेठबिगारीविरोधी कायदा झाला. कोठ्यावरचं कर्ज त्याचंच भावंड, फक्त तिथे कोणी बिगारी म्हणत नाही.

मोनिका नावाची मुलगी खरंच सगळं फेडते, मिठाई-बिठाई घेऊन घरी जाते, आणि परत येते, कारण घरच्यांनी दारात उभं केलं नाही. इतकी वर्षं तिच्याच पैशावर जगलेलं घर हे. मला अख्ख्या पुस्तकात सगळ्यात जास्त हे लागलं.

शेवट सांगू का? ज्यांना वाचायचंय त्यांनी अर्धा मिनिट पुढे ढकला. एक अमेरिकन माणूस येतो, नंतर पोलीस घेऊन येतो, आणि लक्ष्मी आपलं नाव, देश आणि वय मोठ्याने सांगते. कोठ्यावरच्याच एका बाईच्या शाळकरी पोराने, हरीशने, तिला इंग्रजी शब्द शिकवलेले असतात म्हणून ती बोलू शकते, हे लेखिकेने फार छान जमवलंय. पण सोडवायला गोराच माणूस का, हे मला खटकलंच. आणि पुस्तक तिथे संपतं, तेही खटकलं, कारण खरी भानगड तिथून पुढे सुरू होते, आणि त्यासाठी आपल्याला कोलकात्याला जायची गरज नाही.

(स्क्रीनवर: कामाठीपुऱ्याची गल्ली, दिवसा)

फेब्रुवारी १९९६, मुंबई. हायकोर्टाच्या आदेशानंतर पोलिसांनी धाडी टाकून चारशेच्या वर मुली सोडवल्या, त्यातल्या जवळपास निम्म्या नेपाळच्या. सुटल्या? सरकारी सुधारगृहात गेल्या आणि महिनोन्महिने तिथेच पडून राहिल्या. नेपाळ सरकार त्यांना परत घ्यायला तयार नव्हतं, एचआयव्ही आणतील ही भीती होती, शिवाय ह्या नेपाळी कशावरून, कागद दाखवा. आता तेव्हा तिथे नागरिकत्वाचा कागद मिळायचा बापाच्या नाहीतर नवऱ्याच्या नावावर. ज्या पोरींना घरच्याच माणसांनी विकलं त्यांनी कुणाचं नाव सांगायचं? शेवटी नेपाळच्या सामाजिक संस्था पुढे आल्या आणि त्या वर्षी शंभराहून जास्त जणी काठमांडूला परतल्या.

त्यांच्यातल्याच काहींनी मिळून तिथे 'शक्ती समूह' काढला, धंद्यातून सुटलेल्या बायकांनी स्वतः चालवलेली संस्था. कोणाची तरी दया म्हणून नाही, आमचे निर्णय आम्ही घेणार म्हणून. २०१३ मध्ये ह्या संस्थेला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कामाठीपुऱ्याच्या धाडीपासून मॅगसेसेपर्यंतची गोष्ट, आणि मुंबईत किती जणांना माहितीये?

जाता जाता, अमेरिकेत बऱ्याच शाळांच्या लायब्ररीतून 'सोल्ड' काढून टाकलंय, पेन अमेरिका ह्या लेखकांच्या संस्थेच्या बंदी घातलेल्या पुस्तकांच्या यादीत हे नाव वर असतं. आक्षेप हा की मुलांसाठी फार उघड आहे. मला विचारलं तर नववी-दहावीच्या मुलामुलींना द्यावं, पण आधी घरातल्या मोठ्याने स्वतः वाचावं, कारण मुलं प्रश्न विचारणार, आणि मोनिकाच्या घरच्यांबद्दल तर नक्कीच विचारणार.