चावीवाले मेजर

[दृश्य: मोबाइलवर घेतलेलं, थोडं हलणारं. पाऊस. गावातला रस्ता.]

हे चित्रीकरण गावातल्याच एका मुलाने केलंय. मेजरांच्या तिरडीच्या पुढे चार माजी सैनिक आहेत, छत्री न घेता, छातीवर पदकं लावून. त्यांच्या मागे केशरी जाकिटं घातलेली आठ-दहा माणसं. ती रेल्वेची गँग आहे, रुळांची देखभाल करणारी. ड्यूटीवरून थेट आलेत, पँटी गुडघ्यापर्यंत चिखलाने भरल्यात. सैनिकांनी कडक सलामी दिली. गँगवाल्यांनी हात जोडले, अग्नी दिल्यावर थोडा वेळ थांबले आणि पुन्हा लाइनवर गेले. पावसाळ्यात घाट सोडून फार वेळ लांब राहता येत नाही.

गाव त्यांना मेजर म्हणायचं. निवृत्त झाले ते हवालदार म्हणून. पण आपल्याकडे फौजेतून आलेला माणूस मेजरच. रेल्वेतही हेच नाव पुढे चाललं.

[दृश्य: काळी लोखंडी ट्रंक. झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर.]

ही ट्रंक १९६७ सालची. अठराव्या वर्षी भरती, बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरमध्ये ट्रेनिंग, मग जंगी पलटण. म्हणजे पहिली मराठा, जिची उभारणी १७६८ सालची. आत ऑलिव्ह ग्रीन स्वेटर, एक मग, आणि रुमालात बांधलेली पदकं. हा ताऱ्याच्या आकाराचा पूर्वी स्टार, १९७१ ला पूर्व आघाडीवर लढलेल्यांचा. त्याशेजारी संग्राम पदक.

डिसेंबर १९७१ मध्ये ही पलटण ब्रह्मपुत्रा ओलांडून जमालपूरच्या दक्षिणेला गेली आणि तिने ढाक्याकडे जाणारा रस्ता अडवला. १० डिसेंबरच्या रात्री आत अडकलेल्या पाकिस्तानी फौजेने फोडून निघायचा प्रयत्न केला. मराठ्यांनी रस्ता सोडला नाही. सकाळी जमालपूर पडलं. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली. मेजर तेव्हा २२ वर्षांचे होते. त्या रात्रीबद्दल विचारलं, तर ते एवढंच सांगायचे: "थंडी फार होती. आणि कान लावून बसलो होतो."

१९८४ ला ते घरी आले. वय ३५, पदरात तीन मुलं. माजी सैनिकांच्या राखीव जागेतून मध्य रेल्वेत लागले, गँगमन म्हणून. पलटणीत हाताखाली दहा जवान होते. इथे हातात बीटर आला, स्लीपरखाली, म्हणजे रुळांखालच्या आडव्या तुळयांखाली, खडी ठासायची, आणि वर मुकादम, तो वयाने लहान. काही वर्षांनी ते कीमन झाले. गँगच्या भाषेत, चावीवाला.

[दृश्य: इगतपुरीकडे चढणारी मालगाडी, मागे जोडलेली बँकर इंजिनं. घाटातलं धुकं.]

हा कसारा घाट. १८६५ पासून इथून गाड्या चढतात. चढ एकास सदतीस, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. कसाऱ्याला मागून इंजिनं लावून गाडी वर ढकलावी लागते. वर इंजिनांची ताकद लागते, खाली रुळांवर सगळा ताण येतो. आणि त्या रुळांकडे रोज डोळ्यांनी पाहणारा माणूस म्हणजे चावीवाला.

उजाडता उजाडता तो निघतो. खांद्यावर हातोडा आणि पाना, पिशवीत लाल-हिरवे झेंडे आणि फटाके. एका रुळाच्या कडेने जायचं, दुसऱ्या रुळाच्या कडेने परत यायचं. चावी म्हणजे रूळ जागी धरणारी लोखंडी पाचर. सैल चावी ठोकायची, निसटलेली क्लिप बसवायची, दोन रूळ जोडणाऱ्या फिशप्लेटचे बोल्ट आवळायचे. उन्हाळ्यात रूळ तापून वाकतो का ते बघायचं. हिवाळ्यात पहाटे तो आखडतो, जोडाशी तडकतो. तडा कधी केसाएवढाच असतो.

[दृश्य: हातोड्याचा दांडा, जवळून.]

हा त्यांचा हातोडा. दांडा मधोमध बारीक झालाय, तिथे चार बोटांच्या खुणा आहेत. बाभळीचं लाकूड त्यांनी स्वतः तासून बसवलेलं. ठोका मारला की घट्ट चावी खणखणते, सैल चावी बद्द वाजते. मेजर वाकून बघायच्या आधी कानाने ओळखायचे.

[दृश्य: अंगण. मेजर बसलेले नाहीत, उभे आहेत. हातात खडे.]

हे दोन वर्षांपूर्वीचं. रूळ तुटलेला दिसला तर काय करायचं, ते आम्हाला दाखवतायत. तुळशीवृंदावन म्हणजे तुटलेला रूळ. लाल झेंडा दाखवत गाडीच्या दिशेने पळायचं. ६०० मीटरवर रुळावर एक फटाका. हा पहिला खडा. तसंच पुढे, १२०० मीटरवर तीन फटाके, प्रत्येकात दहा मीटर अंतर. एक, दोन, तीन. फटाका म्हणजे चपटी डबी, तिच्या शिशाच्या पट्ट्या रुळावर वाकवून बसवायच्या. इंजिनाचं चाक वरून गेलं की धडाका होतो आणि ड्रायव्हर ब्रेक मारतो. बघा, तिसरा खडा ठेवल्यावर त्यांनी हाताने तो एकदा दाबला. खडाच आहे, तरी दाबला.

हे त्यांनी खरोखर केलं होतं, एकदा, जानेवारीतल्या पहाटे. गाडी थांबली. आतले लोक झोपलेले होते.

पावसाळ्यात रात्रीची गस्त. विजेरी, शिट्टी, घोंगडीवर प्लास्टिक. कातळातून पाणी कुठून सुटलंय, मोरीत गाळ किती, दरडीचा दगड हललाय का, हे बघत चालायचं. बीटच्या, म्हणजे आपल्या ठरलेल्या पट्ट्याच्या, टोकाला पलीकडून दुसरा गस्तीवाला येतो. दोघं एकमेकांची वही बदलतात आणि उलट फिरतात. वही बदलली, म्हणजे दोघंही पूर्ण चालले.

एका पावसात त्यांच्या गँगमधला एक जण गाडीखाली गेला. मेजरांचा उजवा कान शेवटी गेला, गुडघे त्याच्या आधी. २००९ ला ते मुकादम म्हणून निवृत्त झाले.

२६ जानेवारीला शाळेत त्यांना पहिल्या रांगेत बसवायचे आणि जमालपूरबद्दल बोलायला सांगायचे. घाटातल्या पंचवीस वर्षांबद्दल कुणी माइक दिला नाही. म्हणून या फिल्ममध्ये घाट जास्त आहे.

[दृश्य: संध्याकाळ. मेजर अंगणातून गोठ्याकडे चालतात. कॅमेरा पायांवर.]

फौजेत पाऊल ३० इंचाचं. बेळगावच्या मैदानावर ते अंगात मुरवलेलं. लाइनवर दोन स्लीपरमधलं अंतर त्याहून कमी, साधारण ६० ते ६५ सेंटिमीटर. सुरुवातीला पाय चुकायचा, घोटा खडीत जायचा. पाऊल तोडायला एक पावसाळा लागला, असं ते सांगायचे.

इथे अंगण सारवलेलं आहे, सपाट आहे. खाली स्लीपर नाहीत.

पावलं बघा.

[दृश्य: पाय. आखूड, एकसारखी पावलं. नैसर्गिक आवाज. निवेदन समाप्त.]