परतलेले नागरिक

२०१६. फ्लोरिडात निवडणुकीची धामधूम आहे. शीना मीड राज्याच्या प्रतिनिधिगृहासाठी उभ्या आहेत, पण मतदारयादीत त्यांच्या नवऱ्याचं नाव नाही. डेझमंड मीड यांच्याकडे कायद्याची पदवी आहे. वकिलीची सनद नाही, आणि बायकोला द्यायला मतही नाही. कारण एकच: ते शिक्षा भोगून आलेले आहेत.

आपल्याकडे तुरुंगात असेपर्यंत मत देता येत नाही. सुटलं की येतं. फ्लोरिडात गंभीर गुन्हा शाबीत झाला की मत जन्मभरासाठी जायचं. परत हवं तर गव्हर्नर बसतात त्या मंडळापुढे हात जोडायचे. २०११ नंतर तर नुसता अर्ज करायलाच पाच ते सात वर्षं थांबावं लागे. ही बंदी घट्ट केली १८६८च्या राज्यघटनेने. गुलामगिरी नुकतीच संपली होती, काळ्या माणसाच्या हाती मत येत होतं, आणि नेमकं तेच काढून घ्यायची ही तजवीज. दीडशे वर्षांनीही ती चोख चालू होती. २०१६मध्ये राज्यातल्या दर पाच प्रौढ कृष्णवर्णीयांत एक जण मताविना होता.

मीड मायामीत वाढले. आधी सैन्य, मग ड्रग्ज, मग तुरुंग. २००४मध्ये ते सुटले. व्यसन सुटलं नाही. ऑगस्ट २००५मध्ये मायामीतल्या रेल्वेरुळांशी ते उभे होते, जीव द्यायला. गाडी आली नाही. रूळ ओलांडून ते चालत गेले ते व्यसनमुक्ती केंद्रात. पुढे बेघरांच्या निवाऱ्यात राहून कॉलेजात नाव घातलं.

मताचा हक्क परत मिळवण्यासाठी झटणाऱ्या ‘फ्लोरिडा राइट्स रिस्टोरेशन कोएलिशन’ची धुरा त्यांच्याकडे आली तेव्हा एक गोष्ट स्पष्ट होती: विधिमंडळाच्या पाया पडून काही होणार नाही. राज्यघटनाच दुरुस्त करायची: शिक्षा पुरी झाली की मत आपोआप परत. त्यासाठी हव्या होत्या ७,६६,२०० सह्या, आणि नंतर सार्वमतात ६० टक्के मतं.

इथे मीड यांच्यातला संघटक दिसतो. बंदीचा फटका कृष्णवर्णीयांना त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने कितीतरी जास्त. पण डोकी मोजली तर ते साधारण तिघांत एक. उरलेल्यांत गोरे पुष्कळ, त्यात रिपब्लिकन घरांतलेही. मीड यांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले नील वोल्झ: गोरे, रिपब्लिकन, वॉशिंग्टनच्या गाजलेल्या एबरामॉफ लाचप्रकरणात गुन्हा कबूल केलेले. ही जोडी समोर आली की पक्षाचा मुद्दाच बोथट व्हायचा. ‘माजी गुन्हेगार’ हा शब्द मीड वापरत नाहीत. ‘परतलेले नागरिक’ म्हणतात.

एक तडजोड मात्र टोचते. खून आणि लैंगिक गुन्ह्यांत दोषी ठरलेल्यांना दुरुस्तीतून वगळलं होतं. ६० टक्क्यांचा उंबरठा ओलांडायचा होता, हे समजतं. तरी टोचते.

६ नोव्हेंबर २०१८. बाजूने ६४ टक्क्यांहून अधिक मतं. सुमारे १४ लाख लोकांना मताचा हक्क. ८ जानेवारी २०१९ला दुरुस्ती लागू झाली, आणि त्याच दिवशी ऑर्लँडोच्या निवडणूक कचेरीत मीड यांनी मतदार नोंदणीचा अर्ज भरला.

सहा महिनेही गेले नाहीत. जूनमध्ये गव्हर्नर डिसँटिस यांनी नव्या कायद्यावर सही केली: दंड, कोर्टाची फी, नुकसानभरपाई चुकती झाल्याशिवाय शिक्षा पुरी झाली असं धरायचं नाही. आणि कुणाकडे किती बाकी आहे, याची एकत्र नोंद राज्याकडेच नव्हती! मे २०२०मध्ये न्यायाधीश हिंकल यांनी ही अट घटनाबाह्य ठरवली. सप्टेंबरात अपील कोर्टाने ६ विरुद्ध ४ मतांनी निकाल फिरवला. मीड यांची संघटना वर्गणी काढून लोकांचे दंड भरत राहिली. कोट्यवधी डॉलर.

ऑगस्ट २०२२. खून किंवा लैंगिक गुन्ह्यामुळे दुरुस्तीतून वगळलेले असताना बेकायदा मतदान केल्याबद्दल २० जणांवर आरोप ठेवल्याची घोषणा झाली. त्यातल्या काहींना मतदार ओळखपत्र सरकारी कचेरीतूनच मिळालेलं. टॅम्पातल्या पोलिसांच्या अंगावरच्या कॅमेऱ्यांत या अटका टिपल्या गेल्या. बेड्या पडतात, आणि माणसं विचारत राहतात: आम्ही केलं तरी काय?