चुलीकडे बघणारी गाय

डुकराला खायला बोलवायचं तर आयर्लंडच्या खेड्यातली बाई दारात उभी राहून हाक मारायची, "हरिश, हरिश!" हसताय ना, आमच्या सोसायटीत एक हरीश आहे, त्याला मी हे अजून सांगितलेलं नाहीये. वासराला "सक सक", कोंबड्यांना "ट्युक ट्युक".

तिकडच्या लोकसाहित्य आयोगाने १९३७ ते १९३९ मध्ये एक भारी उद्योग केला, सुमारे ५,००० शाळांमधल्या ५० हजारांवर पोरांना सांगितलं की घरी जा, म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि वहीत लिहून आणा. घरची जनावरं हा त्यातलाच एक विषय, म्हणजे गाईचं नाव काय, तिला कशाने बांधता, हाक कशी मारता. त्या वह्या आता ऑनलाइन आहेत, वाचायला बसलं की रात्र जाते.

आता गोठा. पश्चिमेकडच्या गरीब घरांत पूर्वी तो वेगळा नसायचाच, एकच लांबट खोली, वरच्या अंगाला चूल आणि माणसं, खालच्या अंगाला गाई, मध्ये मोरीसारखी एक नाली आणि जमीन उतरती, म्हणजे गोमूत्र आपलं आपण बाहेर. आपण नाक मुरडू, पण तिथल्या ओल्या थंडीत दोन गाई म्हणजे फुकटचा हीटर हो. आणि लोक म्हणायचे की गाईला चुलीतला विस्तव दिसला की ती दूध जास्त देते. माझ्या आजोळी गोठा पडवीला लागून होता, रात्री रवंथ ऐकत झोप लागायची, त्यामुळे मला हे अजिबात विचित्र वाटलं नाही.

बरं, आयरिश भाषेत गाय म्हणजे 'बो', आपल्या 'गो'चीच लांबची बहीण. रस्त्याला 'बोहर', तोही गाईवरूनच आलेला, आणि मुलगा म्हणजे 'बूखल', मुळात गुराखी!

गाय व्याली की तिला ओटचं कोमट पाणी पाजायचं, आणि चर्चमधून आशीर्वाद घेऊन आणलेली मेणबत्ती कासेखालून फिरवून केस जरासे जाळायचे. धार काढली की दुधाच्या फेसाने तिच्या अंगावर क्रूस काढायचा. शेपटीला लाल चिंधी, म्हणजे दृष्ट लागू नये. १ मे ला तर घरातून दूध बाहेर द्यायचं नाही, विस्तवही नाही, नाहीतर वर्षभराचं लोणी कोणीतरी चेटूक करून पळवणार.

ही सगळी भीती लोण्याभोवतीच का, हा माझा प्रश्न होता. मला वाटतं पैसा. डुक्कर विकून खंड भरायचा, पण लोणी-अंडी विकून आलेले पैसे बहुतेक घरांत बाईच्या हातात, मीठ-चहा-साखर त्यातूनच. आणि लोणी मोठं लहरी, साय जास्त गार असली तरी येत नाही, जास्त गरम असली तरी बिघडतं, थर्मामीटर कोणाकडे होता? मग तासभर घुसळूनही लोणी आलं नाही की शेजारणीवर संशय.

म्हणून घुसळण चालू असताना कोणी आत आलं, मग तो फेरीवाला का असेना, तर "देव कामाला यश देवो" म्हणायचं आणि दांडा धरून चार हात मारायचे, न मारता निघालात तर लोणी तुम्हीच नेलं.