घड्याळ थांबलेलं असताना

[पडद्यावर: गुणफलकाचं जवळून दृश्य. सेकंदांचा आकडा थांबलेला.]

कॉलेज बास्केटबॉलचा सामना 40 मिनिटांचा. पण अमेरिकेत मार्च महिन्यात, कॉलेज संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या वेळी, टीव्हीपुढे बसलेल्या कुणालाही विचारा, शेवटचं एक मिनिट संपता संपत नाही. फाऊल झाला की घड्याळ थांबतं. टाइमआऊट घेतला की थांबतं. त्या मिनिटात तर बास्केट झाली तरी थांबतं. मागे पडलेला संघ मुद्दाम फाऊल करतो, कारण त्याला आता सेकंद हवे असतात. मग पुढे असलेल्या संघातला विशीचा एखादा पोरगा फ्री थ्रोच्या, म्हणजे फाऊलबद्दल मिळणाऱ्या एकेका गुणाच्या मोकळ्या शॉटच्या, रेषेवर एकटा येऊन उभा राहतो. समोर 15 फुटांवर बोर्ड. अडवायला कुणी नाही. सरावात हाच शॉट तो गप्पा मारता मारता टाकतो.

या स्पर्धेच्या 2008च्या अंतिम सामन्यात मेम्फिसचा संघ कॅन्ससपेक्षा 9 गुणांनी पुढे होता. उरली होती 2 मिनिटं 12 सेकंद. शेवटच्या सव्वा मिनिटात मेम्फिसला पाच फ्री थ्रो मिळाले आणि त्यातले चार चुकले. चुकवणाऱ्यांत डेरिक रोझ होता, जो त्याच वर्षी एनबीए या व्यावसायिक लीगच्या निवडीत पहिल्या क्रमांकावर गेला. 2.1 सेकंद उरले असताना मारिओ चाल्मर्सने थ्री पॉइंटर, म्हणजे लांबून तीन गुणांचा शॉट, टाकून 63–63 अशी बरोबरी केली आणि जादा वेळेत कॅन्सस जिंकलं. लोकांच्या लक्षात राहिला चाल्मर्सचा शॉट. सामना मात्र त्याआधीच, घड्याळ थांबलेलं असताना, हातातून गेला होता.

[पडद्यावर: मार्च 2018, शार्लट. अंतिम गुणसंख्या 74–54.]

आपली गोष्ट व्हर्जिनिया विद्यापीठाची. तेव्हाचे प्रशिक्षक टोनी बेनेट. बचावाची पद्धत वडिलांकडून, डिक बेनेट यांच्याकडून, आलेली. तिचं नाव पॅक लाइन. चेंडूवर एकजण धावून जातो, बाकीचे चौघे बास्केटभोवतीच्या एका काल्पनिक रेषेच्या आत गर्दी करून उभे राहतात. समोरच्याला आत शिरायला वाट मिळत नाही. स्वतः खेळायचं तेही अगदी सावकाश, शॉट टाकायला मिळणारे 30 सेकंद जवळजवळ संपेपर्यंत.

टीकाकार म्हणत, असं खेळून मोठी आघाडी मिळत नाही आणि दुबळा संघही शेवटपर्यंत जिवंत राहतो. 2018मध्ये तर त्याहून वाईट घडलं. स्पर्धेच्या इतिहासात पहिल्या मानांकनाचा पुरुष संघ सोळाव्या मानांकनाच्या संघाकडून कधीच हरला नव्हता. व्हर्जिनिया हरलं, यूएमबीसी या मेरीलँडमधल्या विद्यापीठाकडून, तब्बल 20 गुणांनी. त्या सामन्यात शेवटच्या मिनिटाचा प्रश्नच आला नाही.

पुढच्या वर्षी आला. लागोपाठ तीन सामन्यांत.

[पडद्यावर: 30 मार्च 2019, लुइव्हिल. पर्ड्यू 70, व्हर्जिनिया 67. 5.9 सेकंद.]

त्या रात्री पर्ड्यूच्या कार्सन एडवर्ड्सने 42 गुण केले, त्यात दहा थ्री पॉइंटर. इतकं सोसूनही व्हर्जिनिया फक्त तीनने मागे होतं. पर्ड्यूने इथे पुस्तकात लिहिलंय तसंच केलं. तीन गुणांची आघाडी असेल तर समोरच्याला थ्री पॉइंटर टाकूच द्यायचा नाही. फाऊल करायचा, दोन फ्री थ्रो द्यायचे. दोन्ही आत गेले तरी आपण एकने पुढे.

टाय जेरोमने पहिला टाकला. 70–68. दुसरा चुकला.

आता नीट बघा. चुकून परत आलेला चेंडू पकडायच्या झटापटीत ममादी डियाकिटेने बोटांनी चेंडू मागे ढकलला. तो इतका मागे गेला, की मधली रेषा ओलांडून व्हर्जिनियाच्याच अर्ध्या मैदानात पोचला. त्याच्यामागे धावला किहे क्लार्क, पहिल्या वर्षाचा विद्यार्थी, उंची पाच फूट नऊ इंच. चेंडू हातात आला तेव्हा जवळ जेरोम उभा, पलीकडे काइल गाय. संघातले दोन हुकमी नेमबाज, दोघेही चेंडू मागत होते. तिथून शॉट टाकायचा तर अंतर फार होतं. क्लार्कने दोघांनाही सोडलं आणि लांब, सरळ पास दिला डियाकिटेला. तो अजून बास्केटजवळच होता. डियाकिटेने चेंडू घेतला, टाकला. बझर वाजला तेव्हा चेंडू हवेत होता. 70–70. जादा वेळेत 80–75.

तो पास सराव करून येत नाही असं मला वाटतं. विलानोव्हाने 2016चा अंतिम सामना जिंकला तो मात्र सरावानेच. 4.7 सेकंद उरलेले, खेळी रोजच्या घोकणीतली. डॅनियल ओचेफूने तर आधी पोछा हातात घेऊन स्वतः फरशी पुसली, प्रतिस्पर्ध्याला अडवायला जिथे उभं राहायचं तिथे पाय घसरू नये म्हणून. मग आर्चिडियाकोनोचा पास, क्रिस जेन्किन्सचा शॉट, 77–74. क्लार्ककडे अशी आखलेली खेळी नव्हती. डोकं वर करून बघायची सवय होती.

आणि ती सवयही दर वेळी साथ देत नाही. 2023मध्ये, यूएमबीसीच्या पराभवाला बरोबर पाच वर्षं झाली त्या दिवशी, व्हर्जिनिया फर्मनविरुद्ध दोनने पुढे होतं. कोपऱ्यात दोघांनी क्लार्कला घेरलं. त्याने चेंडू लांब भिरकावला. तो फर्मनच्या हातात पडला, थ्री पॉइंटर झाला आणि व्हर्जिनिया 68–67 असं हरलं. माणूस तोच, हात तोच.

[पडद्यावर: 6 एप्रिल 2019, मिनियापोलिस. ऑबर्नविरुद्ध उपांत्य सामना.]

इथे व्हर्जिनियाचं कौतुक जरा आवरतं घ्यायला हवं. शेवटच्या साडेपाच मिनिटांत त्यांच्याकडे 10 गुणांची आघाडी होती आणि ती त्यांनी घालवली. ऑबर्नने सलग 14 गुण केले. 61–57. मग काइलने कोपऱ्यातून थ्री पॉइंटर टाकला, ऑबर्नने दोनपैकी एक फ्री थ्रो चुकवला. 62–60.

ऑबर्नने याआधी फारसे फाऊल केलेले नव्हते. शॉट टाकताना केलेला फाऊल सोडला, तर एका सत्रात संघाचा सातवा फाऊल होईपर्यंत समोरच्याला फ्री थ्रो मिळत नाही, चेंडू फक्त बाजूने आत टाकायला मिळतो. म्हणून ते फाऊल करून उरलेले सेकंद खात राहिले. हुशारीच ती. मधे जेरोमच्या हातून चेंडू निसटून टाचेला लागला, त्याने तो उचलून पुन्हा ड्रिबल, म्हणजे जमिनीवर आपटत नेणं, सुरू केलं. हा दुहेरी ड्रिबल होता, नियमाला धरून नव्हता, पण शिट्टी वाजली नाही. ऑबर्नचे चाहते हे विसरलेले नाहीत, आणि त्यांचं चुकतं असं म्हणवत नाही.

1.5 सेकंद. जेरोमने चेंडू आत टाकला, कोपऱ्यातून काइलने शॉट मारला. शॉट चुकला, पण अडवणारा त्याच्या अंगावर आला होता. फाऊल. घड्याळात 0.6 सेकंद, तीन फ्री थ्रो. काइलने जर्सी वर ओढून तोंड झाकून घेतलं.

पहिला आत. दुसरा आत, 62–62. आता ऑबर्नच्या प्रशिक्षकांनी, ब्रूस पर्ल यांनी, टाइमआऊट घेतला. पोराला विचार करायला वेळ द्यावा, म्हणजे हात थरथरेल. जुना डाव आहे. काइल परत आला, तिसराही आत. 63–62.

[पडद्यावर: 8 एप्रिल 2019. अंतिम सामना, टेक्सास टेक.]

पुन्हा तेच: 10 गुणांची आघाडी गेली, शेवटच्या अर्ध्या मिनिटात 68–65 अशी पिछाडी. जेरोम आत घुसला, बचाव त्याच्याभोवती गोळा झाला, त्याने चेंडू कोपऱ्यात फेकला. तिथे होता डिआंद्रे हंटर, मनगटाच्या दुखापतीमुळे यूएमबीसीविरुद्ध खेळू न शकलेला. थ्री पॉइंटर, 68–68. टेकचा शेवटचा प्रयत्न ब्रॅक्स्टन कीने हात घालून रोखला.

हे तीनही सामने व्हर्जिनियाने नीट संपवले असं मी म्हणणार नाही. समोरच्यांना संपवू दिले नाहीत, एवढं खरं. जादा वेळेत मात्र ते संपवायलाही शिकले. आधी मागे पडले, हंटरच्याच थ्री पॉइंटरने पुढे आले, आणि मग टेकवर फाऊल करून घड्याळ थांबवायची पाळी आली. व्हर्जिनियाने जादा वेळेत 12 फ्री थ्रो घेतले. बाराही आत गेले. 85–77.