केदारेश्वराचा दुसरा खांब

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘पॅनोरमा : साधनं आणि जोडणी’. दोन्हींकडे येतो. आधी माझी फजिती ऐका, निम्मा विषय तिच्यातच आहे.

हरिश्चंद्रगडावरची केदारेश्वराची गुहा तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलीय. कमरेएवढं गार पाणी, मधोमध शिवलिंग, भोवती चार खांब आणि त्यातला एकच शाबूत. चार खांब म्हणजे चार युगं, हा शेवटचा पडला की कलियुग संपलं, असं गडावर जो भेटेल तो सांगतो. गुहा एका फ्रेममध्ये मावेना. काठावर ट्रायपॉड लावला, ५० मिमी लेन्सचा कॅमेरा उभा बसवून नऊ फोटो काढले, घरी येऊन कॉम्प्युटरला जोडायला दिले आणि चहा टाकायला उठलो. परत येऊन बघतो तर गुहेत दोन खांब! एक ठसठशीत, त्याला खेटून दुसरा धुरकट, आरपार दिसणारा. बायको म्हणाली, “बरं झालं, कलियुगाला मुदतवाढ मिळाली.”

मी सॉफ्टवेअरला शिव्या घातल्या. दुसरं विकत घेतलं. त्यानं भूत घालवलं, पण उरलेला खांब मधोमध मोडला. म्हणजे तेही युग गेलं आणि पैसेही.

दोष माझा होता. सगळ्यांनी एक डोळा मिटा. हो, पहिल्या रांगेनंसुद्धा, अध्यक्षांना सूट नाही. अंगठा समोर धरून त्या दाराच्या चौकटीला लावा, आणि अंगठा जागचा न हलवता मान डावी-उजवीकडे फिरवा. सरकतोय ना चौकटीवरून? मान फिरते मणक्याभोवती, डोळ्याभोवती नाही. कॅमेऱ्याचा मणका म्हणजे ट्रायपॉडचा स्क्रू. डोळा त्याच्या पुढे, लेन्समध्ये. समोरून लेन्समध्ये डोकावलं की अ‍ॅपर्चरचं, म्हणजे उजेड आत सोडणारं, भोक जिथे असल्यासारखं वाटतं, ती खरी जागा. कॅमेरा तिच्याभोवती फिरायला हवा. सगळे तिला ‘नोडल पॉइंट’ म्हणतात, ते नाव चूक आहे. दुकानात मात्र ‘नोडल’च मागा, नाहीतर दुकानदार तुम्हाला लेन्स पुसायचं कापड देईल.

ही जागा स्क्रूच्या १० सेंटिमीटर पुढे असली आणि कॅमेरा ३० अंश वळवला, तर ती ५ सेंटिमीटर सरकते. कोकणकड्यावरून समोरच्या डोंगरांना याचं काही नाही. गुहेत खांब २ मीटरवर आणि भिंत ६ मीटरवर असेल, तर त्यांच्यात सुमारे १ अंशाची फारकत पडते. मग सॉफ्टवेअरनं भिंत जुळवावी की खांब?

कॅमेरा मागे सरकवून ही जागा बरोबर स्क्रूवर आणायला पॅनोरमा हेड मिळतं, नोडल रेल नावाची सरकती पट्टी मिळते. मिळतात म्हणजे पैसे मोजले की मिळतात. मी गवंड्याकडून ओळंबा मागून आणला. लेन्सवर त्या जागेच्या बरोबर खाली दोरा बांधायचा, जमिनीवर एक नाणं ठेवायचं आणि ओळंब्याचं टोक नाण्यावरून ढळू न देता आपणच भोवती फिरायचं. परदेशातले लोकही ही युक्ती करतात, पण त्यांच्याकडे आमच्या गवंड्याचा ओळंबा नाही. अंधाऱ्या गुहेत मात्र हात हलतो, तिथे रेल लागतेच.

थोडं विषयांतर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत सर्कट नावाचा कॅमेरा होता. चावीवर फिरायचा, आत फिल्म सरकायची. शाळेच्या फोटोत एखादा वांड पोरगा एका टोकाला उभा राहायचा, मग रांगेमागून पळत दुसऱ्या टोकाला, आणि दोन्हीकडे हसत यायचा. मोबाइलच्या पॅनोरमात आमच्या भाच्यानं हेच केलंय, मुंजीत.

संयोजकांनी चिठ्ठी पाठवलीय, पाचच मिनिटं. मग जोडणी भराभर.

कॅमेरा उभा धरा. ५० मिमीची लेन्स फुल फ्रेमवर, म्हणजे ३६ × २४ मिमी सेन्सरवर, उभी असली की आडवा २७ अंश पाहते. शेजारच्या दोन फोटोंत ३० टक्के भाग सामाईक ठेवला तर दर वेळी १९ अंश सरकायचं, ३६० अंशांच्या पूर्ण फेरीला १९ फोटो. २४ मिमीला दहा पुरतात. एक्स्पोजर, फोकस, व्हाइट बॅलन्स सगळं मॅन्युअल. पोलरायझर, म्हणजे चकाकी मारणारा फिल्टर, काढून ठेवा, नाहीतर आकाशात निळा पट्टा पडतो. वाहते ढग, माणसं असतील तर हात चालवा.

सॉफ्टवेअर प्रत्येक फोटोत ठळक खुणा शोधतं, दोन फोटोंतल्या सारख्या खुणांच्या जोड्या लावतं, न पटणाऱ्या जोड्या टाकून देतं. डेव्हिड लो यांनी १९९९ मध्ये मांडलेली सिफ्ट पद्धत यासाठी फार वापरली गेली. पाणी आणि कोरं आकाश तिथे काही कामाचं नाही, फ्रेममध्ये थोडा खडक येऊ द्या. जोडणीचं ह्यूजिन नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, तेच घ्या. गोल दृश्य सपाट चित्रावर पसरायच्या पद्धतीला प्रोजेक्शन म्हणतात; साधारण १०० अंशांपर्यंत सरळ रेषा सरळ ठेवणारं निवडा. त्यापुढे कडा ताणल्या जातात, म्हणून सिलिंड्रिकल. वर-खाली धरून सगळ्या गोलाला इक्विरेक्टँग्युलर, त्यात रुंदी उंचीच्या दुप्पट.

एचडीआर, म्हणजे कमी-जास्त उजेडाचे फोटो एकत्र करणं, राहिलं. राहू दे. ओळंबा आणि दोन खांबांची मूळ फाइल मागच्या टेबलावर ठेवलीय, चहा तिथेच आहे.