तारीख मिळाली म्हणून चालणं थांबवू नका

नमस्कार श्रोतेहो.

बडोद्याच्या मराठी घरांमध्ये कमावलेल्या शरीराला मान आहे. जुम्मादादांचा आखाडा त्यांचे शिष्य माणिकराव यांनी नावारूपाला आणला, आणि तिथल्या जोर-बैठका आणि मल्लखांबाच्या गोष्टी आजही घराघरांत निघतात. म्हणूनच कदाचित, कुणी वजन कमी करण्याच्या ऑपरेशनचा विषय काढला की समोरून लगेच ऐकू येतं, "अहो, त्यापेक्षा जरा व्यायाम करा की!" मी फिजिओथेरपिस्ट आहे, लोकांना हालचाल करायला लावणं हेच माझं काम. तरी हे वाक्य ऐकलं की मला वाईट वाटतं. कारण ज्याला ते ऐकवलं जातं, तो माणूस पुष्कळदा व्यायाम करतच असतो.

कमाटीबागेत रोज सकाळी फेऱ्या मारणारी, नवरात्रात गरब्याच्या वर्तुळात रात्र घालवणारी, वर्षातून एकदा पावागढ पायी चढणारी माणसं माझ्याकडे येतात, आणि त्यांचं वजन शंभराच्या पुढे असतं. ती आळशी नसतात. वजन थोडं उतरलं की शरीर भूक वाढवतं आणि शक्ती जपून खर्च करू लागतं, म्हणून उतरलेले किलो परत येतात. भूक चाळवणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक मुख्यतः जठराच्या वरच्या भागात तयार होतं. स्लीव्ह नावाच्या ऑपरेशनमध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढतात, त्यात हा वरचा भाग जातो. खाण्याची जागा घटते आणि भुकेचा जोरही ओसरतो. बायपासमध्ये जठराची लहानशी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. कुणाला कोणतं योग्य, हे सर्जन तुमचा मधुमेह, छातीतली जळजळ, जुनी औषधं बघून ठरवतील.

ऑपरेशन कुणासाठी, हेही थोडक्यात सांगते. किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागलं की बीएमआय येतो. उंची १६५ सेंटिमीटर आणि वजन १०० किलो असेल, तर तो ३६.७ भरतो. २०२२ साली आंतरराष्ट्रीय सर्जन संघटनांनी सल्ला दिला की ३५ च्या वर, दुसरा आजार असो वा नसो, ऑपरेशनचा विचार व्हावा. आपल्यासारख्या आशियाई माणसांना कमी बीएमआयलाच मधुमेह गाठतो, म्हणून आपल्यासाठी ही रेषा २७.५ पर्यंत खाली आणली आहे. विम्याचे निकष मात्र याहून कडक असतात. तेव्हा पॉलिसीची अट आधी वाचा.

आता ज्यासाठी आज आले आहे, ते बोलते. तारीख मिळाली की पुष्कळ जण चालणं सोडून देतात. "आता ऑपरेशन होणारच आहे, मग कशाला दमायचं?" असा विचार असतो. त्याच दिवसांत "नंतर काही खाता येणार नाही" म्हणून श्रीखंड-पुरीची, भाखरवडीची निरोपाची जेवणं सुरू होतात. मला हे काळजीनं सांगायचं आहे की हेच आठवडे सगळ्यांत मोलाचे आहेत. या काळातला व्यायाम वजन उतरवण्यासाठी नसतो. भूल झेपावी म्हणून फुप्फुसांसाठी, पायांत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून पोटऱ्यांसाठी, आणि पुढे किलो झपाट्यानं उतरू लागतील तेव्हा चरबीबरोबर स्नायूही झिजू नयेत म्हणून मांड्या-खांद्यांसाठी तो असतो. काटा हलला नाही तरी तो कामी येतो.

चालणाऱ्यांनी चालत राहावं. वेग असा ठेवा की शेजारच्याशी बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही. गुडघे कुरकुरत असतील तर तरणतलावात उतरा. पोहता येत नसलं तरी छातीभर पाण्यात नुसतं चाललं तरी चालतं, पाणी बराचसा भार उचलतं. बडोद्याचा उन्हाळा ध्यानात घेऊन पहाटेची वेळ धरा. मधुमेह असेल तर घरी आल्यावर तळपाय आरशात पाहा, फोड लवकर सापडतो.

नुसतं चालणं मात्र पुरत नाही, हे मी मुद्दाम ठासून सांगते. आठवड्यातून दोन-तीनदा ताकदीचा व्यायाम हवा. साधी खुर्ची भिंतीला टेकवा, हात छातीवर ठेवून उठा आणि सावकाश बसा. भिंतीला हात लावून जोर काढा. पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचला. आखाड्यातल्या बैठका ज्यांनी कधीकाळी काढल्या आहेत, त्यांना यात काही नवीन वाटणार नाही. शरीर ते विसरलेलं नसतं. फक्त दम कोंडून जोर लावू नका, उठताना श्वास सोडा.

श्वासाचाही सराव करा. तीन चेंडूंचं स्पायरोमीटर औषधांच्या दुकानात सहज मिळतं. ते तोंडात धरून श्वास आत ओढायचा आणि चेंडू वर ठेवायचे. ऑपरेशननंतर पोट दुखतं म्हणून माणूस उथळ श्वास घेतो आणि छातीत कफ साठतो. आधी हाताला सवय असली की तेव्हा शिकवत बसावं लागत नाही. रात्री मोठ्यानं घोरत असाल, श्वास मध्येच अडतो असं घरचे म्हणत असतील, दिवसा बसल्याजागी डुलकी लागत असेल, तर ही गोष्ट डॉक्टरांपासून लपवू नका. झोपेची तपासणी होईल, गरज पडली तर रात्री लावायचं मशीन मिळेल, आणि भूलतज्ज्ञांचं काम सुरक्षित होईल. विडी-सिगारेट किमान सहा आठवडे आधी बंद. तंबाखू आणि मिसरीसुद्धा सोडा.

शेवटचे दोन आठवडे वेगळे असतात. तेव्हा बहुतेक ठिकाणी कमी उष्मांकाचा, जास्त प्रथिनांचा आहार देतात. यकृताचा डावा भाग जठरावर पसरलेला असतो. चरबीनं सुजलेलं यकृत बाजूला सारताना सर्जनना अडचण होते. या आहारानं ते आक्रसतं. निरोपाची जेवणं मला का खुपतात, ते आता लक्षात आलं असेल. या पंधरवड्यात गरबा, डोंगर, जिममधली जड वजनं नकोत. अंगात साखर कमी असते, चक्कर येते. सपाट जागी चाला, खुर्चीचा व्यायाम निम्मा करा.

मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांनी मात्र नीट ऐकावं. जेवण एवढं घटलं आणि इन्सुलिन किंवा गोळ्या तेवढ्याच राहिल्या, तर साखर धोकादायकरीत्या उतरते. आणि ज्या औषधांची नावं 'ग्लिफ्लोझिन'नं संपतात, त्यांनी अशा आहारात रक्तात आम्ल साठू शकतं, साखर फारशी वाढलेली नसतानासुद्धा. ती ऑपरेशनच्या किमान तीन दिवस आधी थांबवतात, कधी त्याहून आधी. आपल्या मनानं काही बंद करू नका. आहाराचा कागद हातात पडताच त्याच दिवशी औषधांचा कागदही डॉक्टरांना दाखवा.

आपल्यापैकी पुष्कळ घरं शाकाहारी आहेत, म्हणून बी-बारा, लोह आणि ड जीवनसत्त्व आधीच तपासून घ्या. कमतरता असेल तर आत्ताच भरून काढायची, कारण पुढे या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. नंतर दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत. वाटीभर वरणानं ती गाठता येत नाहीत. पनीर, घट्ट दही, मूग, सोयाबीन, चालत असतील तर अंडी, यांची सवय आत्तापासून लावा. जेवताना पाणी न पिणं, घास बारीक चावणं, हेही आत्ताच.

ऑपरेशनच्या दिवशीच, बहुधा संध्याकाळी, नर्स तुम्हाला उठवून खोलीत चार पावलं चालवतील. नळी, सलाइन, दुखणं असतानाही उठायचं. गुठळी टाळण्याचा तो मोठा उपाय आहे. घरी आल्यावर दिवसातून अनेकदा थोडं थोडं चाला. जड उचलणं, पोटावर ताण येणारे व्यायाम आणि सूर्यनमस्कार चार ते सहा आठवडे नकोत, आणि परत कधी सुरू करायचे ते सर्जनना विचारूनच. टाके भरल्याशिवाय तलावात उतरू नका. पोटरी एकाच पायाची सुजली, दुखली, दम लागला, ताप आला किंवा नाडी जोरात धावू लागली, तर सकाळची वाट न पाहता रात्रीच हॉस्पिटल गाठा.

नमस्कार.