नवं अवजार रानात कोण आणतं?

नमस्कार मंडळी, पुण्याहून बोलतोय. मशागतीचं नवं अवजार शेतकरी कधी वापरायला लागतो असं विचारलं की लोक पटकन सबसिडीवर बोट ठेवतात. आहे ना सबसिडी, सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करा, अल्पभूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमातींना 50 टक्क्यांपर्यंत, बाकीच्यांना 40, पण आधी सगळे पैसे आपल्या खिशातून भरायचे आणि अनुदान मागनं खात्यात येणार, मग ज्याच्या हातात रोकडच नाही त्यानं काय करायचं?

2015-16 च्या कृषी गणनेत महाराष्ट्रात सरासरी जमीनधारणा 1.34 हेक्टर निघाली, म्हणजे सव्वातीन एकरच्या आसपास. एवढ्यासाठी ट्रॅक्टर कोण घेतंय, भाड्यानंच मारून घेतो की आपण. मग ठरवतो कोण? गावातला ट्रॅक्टरवाला! त्याच्याकडे रोटाव्हेटर, म्हणजे फिरत्या पात्यांनी माती बारीक करणारं अवजार, असला की आपल्या रानात रोटाव्हेटरच फिरणार.

रोटाव्हेटर पसरला त्याचं कारण साधं आहे, काम झटपट होतं, ढेकळं फुटतात आणि रान लगेच पिठासारखं दिसतं, बघणाऱ्याला तिथल्या तिथं पटतं. पण तो फिरतो वरच्या चार-सहा इंचातच, वर्षानुवर्षं तेच केलं की खालचा थर घट्ट होतो, पाणी मुरत नाही. तो थर फोडायला सबसॉयलर, दीड-दोन फूट खाली जातो, ट्रॅक्टरही दणकट लागतो, आणि वरनं बघाल तर नुसत्या रेघा. शेजारी बांधावरनं विचारतोच, "काय राव, एवढे पैसे घालून रेघा ओढल्या होय?" फायदा कळणार पाऊस पडल्यावर, उसाची मुळी खोल गेल्यावर, तोवर दम कुणाला!

आणि शेजाऱ्याला कमी समजू नका हं. अमेरिकेत आयोवामध्ये हायब्रीड मक्यावर 1943 साली एक अभ्यास छापून आला, त्यात बियाण्याची खबर बऱ्याच जणांना पहिल्यांदा सेल्समनकडून लागलेली, पण पेरायचं मनावर घेतलं ते शेजाऱ्याचं बघून. आपल्याकडे तरी वेगळं काय, मोशीच्या किसान प्रदर्शनात सगळं बघून यायचं, हँडबिलं पिशवीत, नि ठरवायचं चुलतभावाच्या रानात उभं राहून.

मावळ-मुळशीकडे भाताची खाचरं बारकी, मोठा ट्रॅक्टर वळतच नाही, तिथं चिखलणीला पॉवर टिलर, म्हणजे मागनं चालत हाकायचं छोटं यंत्र, बरा. म्हणजे जमीन कशी आहे तेही आलंच.

म्हणून म्हणतो, ऊसवाल्यांनी सबसॉयलरसाठी उन्हाळ्यात रान कोरडं असतानाच चार-पाच जणांनी मिळून ट्रॅक्टरवाल्याला गाठा. एकट्याच्या एकरासाठी तो अवजार आणणार नाही, डिझेल परवडत नाही त्याला. दहा-बारा एकर एका पट्ट्यात दाखवा, मग बघा येतो का नाही.